उद्या फोनवर येणारा निरोप

नुंगंबाक्कम, चेन्नई
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

चि. कीर्ती,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तू जिथे असशील तिथे सुखरूप असावीस, यापलीकडे सध्या काही मागत नाही. तू कॉलेजच्या वसतिगृहात होतीस तेव्हापासून मी तुला कागदावर काही लिहिलेलं नाही, त्यामुळे अक्षर ओळखशील की नाही कोण जाणे. जरा हललंय. वयामुळे नव्हे.

सगळ्यात आधी एक सांगते. या शनिवारी बस पकडून कोवलमला जाऊ नकोस. सर्फिंगचा वर्ग बुडाला तर बुडू दे. 'आईला पाण्याची भीती वाटते' असं म्हणून हा कागद बाजूला ठेवू नकोस. या वेळी भीती पाण्याची नाही, माणसाची आहे. दुसरं, मला फोन करू नकोस आणि निरोपही टाकू नकोस. गेले दोन महिने तू तसंही काही टाकलेलं नाहीस. मी लिहायचे, दोन निळ्या खुणा उमटायच्या आणि पुढे काही नाही. त्या खुणांवर मी दिवस काढत होते. आता तुझ्या त्या गप्प राहण्याबद्दल देवाचे आभार मानते, आणि मी देव मानत नाही हे तुला माहीत आहे.

घरची बातमी म्हणशील तर बाबांच्या गुडघ्यातलं पाणी काढलं. आता काठी घेऊन चालतात, आणि काठी घेतल्यापासून जास्त विनोद करतात. खालच्या विद्यालक्ष्मीअम्मांनी तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं घातलंय. जिना चढताना रोज विचारतात, "पोरगी कधीं येणार?" मी म्हणते, ऑफिसचं काम फार आहे. त्या मान हलवतात, पण त्यांना खोटं पटत नाही. तंजावरी माणसं. त्यांच्या मराठीइतकाच त्यांचा संशयही जुना आणि मुरलेला असतो.

तुझ्या मैत्रिणीला, जननीला, मी विद्यालक्ष्मीअम्मांच्याच घरच्या फोनवरून बोलावलं. ती आधी घाबरली. "आंटी, कीर्तीनं पत्ता द्यायचा नाही असं सांगितलंय," म्हणाली. मी म्हटलं, "देऊच नकोस. मी मागितला तरी देऊ नकोस. मी एक पाकीट देते, ते तेवढं तिच्या हातात ठेव." तेव्हा ती तयार झाली, आणि हे लिहून होईपर्यंत खालीच थांबली आहे. तू शनिवारी जाऊ नयेस एवढं तिलाही सांगितलंय, कारण सांगितलेलं नाही. तुझ्याबद्दल तिसऱ्या माणसाशी बोलण्याचं काम मी पुष्कळ केलं. आता थांबते.

बघ, पान भरलं आणि मी अजून मुद्द्याला हात घातला नाही. एरवी व्यासपीठावर माझं पहिलं वाक्यच घाव घालतं असं लोक म्हणतात.

तुला विजयेंद्र आठवतो ना? दसऱ्यानंतर मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेला, चष्मेवाला, मृदू बोलणारा. आपण तंजावरच्या मराठी घरातले आहोत, घरात मराठी मरत चाललीय, म्हणून तुमची भाषणं ऐकून ती जगवतो, असं तो मला म्हणाला. माझी सगळी भाषणं त्याने ऐकली होती. कोणत्या भाषणात मी कुठे थांबले, कुठे टाळ्या आल्या, हे त्याला पाठ होतं. कीर्ती, इतकं कोणी ऐकत नाही गं. तू ऐकत नाहीस, बाबा तर पहिल्या पाच मिनिटांत झोपतात. आणि हा मुलगा माझीच वाक्यं मला ऐकवत होता.

तो घरी येऊ लागला. तू दोनदा भेटलीस त्याला. दुसऱ्यांदा तो गेल्यावर तू विचारलंस, "आई, हा माणूस करतो काय?" मी तुझ्यावर उसळले होते. माणसाची किंमत त्याच्या पगारावरून करतेस का, असं काहीतरी बोलले. विद्यालक्ष्मीअम्मांनी त्याला जिन्यात गाठून मामा कोण, आत्या कोण, कुठल्या गल्लीतले, असं विचारलं, तेव्हा मी त्यांनाही थांबवलं. वर अर्धा तास ऐकवलं की गोत्र आणि कूळ विचारणाऱ्या समाजाने माणसं ओळखायची सोडून दिली. तो हसत होता. मला वाटलं, माझ्या विचारांचा मुलगा भेटला. आणि खरं सांगते, मनात आणखीही काही आलं होतं. तुझ्याशी बोलायचं नव्हतं इतक्यात, पण आलं होतं.

नोव्हेंबरमध्ये तो म्हणाला, "बाई, तुमची भाषणं इकडेतिकडे विखुरलीत. सगळी एकत्र करून जपून ठेवतो. तुमच्या फोनमध्ये असतील तीही घेतो. जरा द्याल?" मी दिला. त्याने आपला लॅपटॉप उघडला, पडद्यावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन आला, त्याच्यासमोर माझा फोन धरला. मी स्वयंपाकघरातून बघत कॉफी गाळत होते. एवढंच झालं. कॉफी त्याला आवडली.

त्या एका धरण्याने माझं सगळं व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपवर उघडं झालं. मी लिहीन ते आणि मला येईल तेही. तुझे माझे सगळे निरोप, जुनेसुद्धा. हे मला आता कळलंय. परवापर्यंत मला एवढंच माहीत होतं की फोन म्हणजे फोन, आपल्या हातात असला की आपला.

तुला ते निरोप यायला लागले ते त्यानंतर. आता महिने जुळवून बघ. मी जुळवले.

त्या संध्याकाळी तू तुझा फोन माझ्यापुढे ठेवलास. अनोळखी खातं, फोटो नाही, आणि लिहिलेलं: 'तुझी आई सांगते तितकी तू धीट नाहीस.' त्याखाली ते दुसरं. जे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तुझ्या बाबतीत घडलं, जे तू जगात फक्त मला सांगितलंस, बाबांनाही नाही. त्याने ते लिहिलं होतं आणि विचारलं होतं, ऑफिसात कळलं तर चालेल का.

तू विचारलंस, "आई, तू कोणाला सांगितलंस?"

मी म्हटलं, "कोणालाही नाही. एका माणसालाही नाही."

तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा तेच म्हटलं, आणि तिसऱ्यांदा आवाज चढवला. असल्या भेकड लोकांना ब्लॉक कर आणि ताठ मानेने चाल म्हणाले. ज्याला लपवायचं नाही त्याने भ्यायचं कशाला, हे माझं नेहमीचं वाक्यही म्हणाले. तू बॅग भरलीस. दारात तू काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी उत्तर दिलं असतं, आणि उत्तर देण्यात मला कोण हरवणार?

ती गोष्ट पुढे येईल. आधी मला कसं कळलं ते लिहू दे. क्रमाने लिहिलं की काही सुटत नाही.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात बाबा आत होते आणि मी बाहेर रांगेत. डॉक्टर गुडघ्यातलं पाणी काढायचं म्हणतात, असं बाबांनी आतून मला निरोपात कळवलं. मी 'ठीक आहे, घाबरू नका' असं लिहिलं. बस. कोणाला सांगितलं नाही, घरी येऊन विद्यालक्ष्मीअम्मांनाही नाही. संध्याकाळी विजयेंद्रचा फोन. "बाई, काकांच्या गुडघ्यातलं पाणी काढताना सोबतीला येऊ का?" मी म्हटलं, "अरे, किती रे तुझं लक्ष." आभार मानले, कीर्ती. फोन ठेवला, डाळीला फोडणी दिली, आणि झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. याला कोणी सांगितलं?

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मी तर त्या पोराला माझा गुडघा कधी दाखवलाच नाही."

मी खाली गेले. विद्यालक्ष्मीअम्मा वाटच बघत असाव्यात. माझं व्याख्यान ऐकून घेतलं होतं त्यांनी, पण सोडलं नव्हतं. तंजावरला त्यांचे चुलतभाऊ वेंकोबा आहेत, त्यांना फोन लावून विजयेंद्रने सांगितलेल्या घराची चौकशी केली होती. "तें घर आहे," त्या म्हणाल्या. "त्या घरीं दोघी मुली. मुलगा नाहींच. आम्ही मूठभर लोक, सुनेत्रा. कोणाचे घरीं कोण जन्मला हें आम्हांस ठाऊक असतें. मी विचारीत होतें तें जात बघायास नव्हें. हा कोण, एवढें कळायास." नंतर म्हणाल्या, "तूं मला बोललीस, सरी, असो. मोठ्यानें बोलतेस, तुझी सवय. पण दार कोणास उघडावें तें विचारायास लाज कसली?"

मी तशीच जिना चढून वर आले.

सोमवारी दुपारी तो आला. बाबा व्यायामाला गेले होते. मी लाकडी दार लोटलेलं होतं, पण जाळीचं दार आणि ते यांच्यामध्ये फट राहते ते तुला माहीत आहे. त्याने घंटा वाजवली. मी उठले नाही. पंखा चालू होता, त्यामुळे मी घरात आहे हे त्याला कळत होतं. तो तिथूनच बोलायला लागला, त्याच मऊ आवाजात, जसं आपण देवळाबाहेर चपला काढताना बोलतो.

"बाई, दमलात का? बसा, उठू नका. मी एवढंच सांगायला आलो. मुली हट्टी असतात. कीर्ती तुमचे निरोप वाचते आणि उत्तर देत नाही, हे मला बघवत नाही. कोणीतरी समजावायला हवं. शनिवारी मी बोलतो तिच्याशी. समुद्रावर ती मोकळी असते, तुम्हीच म्हणाला होता. ती भिजलेली, थकलेली असेल, माझं ऐकून घेईल."

मग म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका. तुमचा विश्वास आहे ना माझ्यावर?"

मी भिंतीला पाठ लावून बसले होते. मी, जिने सभेत दगड आले तरी माईक सोडला नव्हता. माझ्या तोंडून आवाज फुटेना. तो थोडा वेळ उभा राहिला, मग जाळीच्या कडीवर त्याचं बोट फिरल्याचा आवाज आला, आणि पावलं खाली गेली. रस्त्यावरच्या फुलवालीशी त्याने तमिळमध्ये काही थट्टा केली आणि ती हसली, तेही ऐकू आलं.

तेव्हापासून दार वाजलं की मी आधी पंखा बंद करते. दूधवाला येतो, पेपरवाला येतो, मी बाबांकडे बघते, बाबा काठी हातात घेतात. आम्ही फोन तांदळाच्या डब्यात ठेवून बोलतो. बाबा म्हणतात, "तांदूळ ऐकत असेल तर काय करायचं?" मी हसते, पण आवाज खालीच ठेवते.

मंगळवारी पोलिसांत गेलो. सायबर गुन्ह्यांचं काम बघणाऱ्या त्रिपुरसुंदरी नावाच्या उपनिरीक्षक आहेत, तुझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठ्या असतील. नीट ऐकून घेतलं. फोन बघितला, आणि त्यात एका जागी 'जोडलेली उपकरणं' म्हणून असतं ते मला उघडून दाखवलं. एक अनोळखी लॅपटॉप, नोव्हेंबरपासून जोडलेला, त्याच सकाळी वापरलेला. मी म्हटलं, "काढा, आत्ता काढा." त्या म्हणाल्या, "नको, अम्मा. काढलं की त्याला कळेल. राहू द्या. रोज लिहिता तसंच लिहीत राहा."

म्हणून मी रोज लिहिते. मावशीला सुप्रभात, मंडळाला अभिनंदन, बाबांना शेवगा आणा. प्रत्येक शब्द लिहिताना माझ्या खांद्यावरून कोणीतरी वाचतंय. काल 'शेवगा' लिहायला मला किती वेळ लागला.

मग त्यांनी विचारलं, "त्याला मुलीबद्दल एवढं कसं कळलं? कोवलम, शनिवार, ही कॉलेजची गोष्ट?" मी म्हटलं, जुन्या निरोपांतून असेल. त्या म्हणाल्या, "ती कॉलेजची गोष्ट तुमच्या निरोपांत आहे का?" मी आठवून बघितलं. नाही. ती तू मला लिहून कधीच सांगितली नव्हतीस. माझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगितली होतीस.

मला उत्तर माहीत होतं. डिसेंबरमध्ये तू विचारलंस तेव्हाही कुठेतरी माहीत होतं. त्याला मी शब्दांत येऊ दिलं नव्हतं, एवढंच.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये महिला दिनाला माझं भाषण झालं. तू कामावर होतीस. विषय होता 'भयमुक्त स्त्री'. सभागृह भरलेलं होतं, पण थंड होतं. टाळ्या येत नव्हत्या. आणि वक्त्याला टाळ्या येत नाहीत तेव्हा तो घरात हात घालतो, हे मी तुला आज सांगते. मी म्हणाले, 'मी एक मुलगी ओळखते.' नाव घेतलं नाही. मग सांगत गेले. कॉलेज, वर्ष, काय झालं, ती कशी रडली, ती महिनोन्महिने पाण्यात पाय घालेना, आणि आज तीच मुलगी दर शनिवारी कोवलमला जाऊन लाटांवर उभी राहते. आणि शेवटी, टाळ्या सुरू झाल्यावर, माझ्याच्याने राहवलं नाही, मी म्हणाले, 'आणि रोज सकाळी तिच्या हातची कॉफी पिऊन मी घराबाहेर पडते.'

लोक उभे राहिले. मंडळाने ते भाषण इंटरनेटवर टाकलं, मी ते माझ्या फेसबुकवर सर्वांसाठी खुलं लावलं. खाली लोकांनी लिहिलं, धन्य ती मुलगी. त्यांच्यातच हात जोडलेलं एक चित्र होतं, आणि आता बघितलं तर ते त्याचं.

मी तुला खोटं बोलले नव्हते, कीर्ती. एका माणसालाही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना सांगितलं होतं.

त्रिपुरसुंदरींनी ते भाषण टेबलावर लावलं. मराठी त्यांना येत नाही. "एकेक वाक्य तमिळमध्ये सांगा," म्हणाल्या. तेव्हा मी माझ्याच भाषणाचा अर्थ त्यांना सांगत बसले. पडद्यावर मी हात उंचावून बोलत होते, आणि इथे मी हळू आवाजात सांगत होते की ही बाई म्हणतेय, मुलीचं कॉलेज अमुक. ही म्हणतेय, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ही म्हणतेय, ती शनिवारी या गावाला जाते. माझं तमिळ बाजारापुरतं. त्यात माझे अलंकार उतरले नाहीत, लय उतरली नाही, माहिती तेवढी उतरली. त्या लिहून घेत होत्या. मध्येच त्यांनी लिहायचं थांबवलं आणि विचारलं, "तुमच्या मुलीला विचारलं होतं का, अम्मा?"

बाबा शेजारी होते. त्यांना त्या खुर्चीवर बसून, परक्या बाईसमोर, तमिळमध्ये कळलं की त्यांच्या मुलीच्या बाबतीत काय झालं होतं. घरी येताना रिक्षात म्हणाले, "सुनेत्रा, तू उभी राहिलीस की आपल्या घराला भिंती राहत नाहीत, हे मी थट्टेत म्हणायचो." मग माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. मला वाटतं रागावलेही होते, पण हात सोडला नाही.

भाषण मी इंटरनेटवरून काढायला लावलं. मंडळाचे अध्यक्ष चंद्रमौळी म्हणाले, "ताई, तुमचं सर्वोत्तम भाषण." मी म्हटलं, आजच काढा. काढलं त्यांनी. पण त्रिपुरसुंदरी म्हणाल्या ते खरं, ज्याने उतरवून घेतलं त्याच्याकडे ते राहणारच.

आयुष्यभर मी सांगत आले की गुप्तता ही गुन्हेगारांना लागते. सज्जनाचं जीवन उघड्या पुस्तकासारखं असावं. चुकीचं सांगत आले. माझं पुस्तक मी उघडावं, तो माझा अधिकार. मी तुझं उघडलं, तुला न विचारता, वाचणारा कोण आहे ते न बघता, आणि त्याला धैर्य म्हटलं. धैर्य तुझं होतं. मी फक्त ते वापरलं. बघ, हेही भाषणासारखंच झालं. खोडत नाही, कागद वाया जाईल.

तू कुठे राहतेस ते त्याला ठाऊक नाही. का, सांगू? कारण तू मला सांगितलं नाहीस. मला माहीत असतं तर मी तुला कधीतरी लिहिलंच असतं, 'त्या घरात डास आहेत का गं, खिडकीला जाळी आहे का,' आणि त्याने वाचलं असतं. तुझ्या रागाने तुला वाचवलं. माझ्या मायेने नाही. हे लिहिताना मला जितकं कठीण जातंय तितकं तुला वाचताना जाऊ नये.

पण शनिवार आणि कोवलम त्याला माहीत आहे, आणि मागच्या शुक्रवारी मीच तुला लिहिलं होतं, 'उद्या फार आत जाऊ नकोस.' अजून जातेस हेही त्याला माझ्याकडूनच कळलं.

आता शेवटचं, आणि हे दोनदा वाच.

उद्या, शुक्रवारी संध्याकाळी, तुझ्या फोनवर माझा एक निरोप येईल. तो त्रिपुरसुंदरींच्या समोर बसून लिहिलाय. त्यात मी म्हणते, शनिवारी सकाळी मी कोवलमला येते, कोळी नावा वाळूत ओढून ठेवतात तिथे बसेन, एकदा भेट. तो निरोप तुझ्यासाठी नाही. तो त्याने वाचावा म्हणून आहे. तू येशील असं त्याला वाटायला हवं, म्हणजे तो येईल. साध्या कपड्यांतली पोलीस माणसं आसपास असतील. मी खरंच जाणार आहे. बाबाही येणार म्हणतात. त्रिपुरसुंदरींनी नको म्हटलं तर म्हणाले, "काठीचा उपयोग चालायलाच करायचा असं कुठे लिहिलंय?"

मला भीती वाटते. तो आला तर त्याच्याकडे बघावं लागेल. तो नाही आला तर त्याला कळलंय असा अर्थ होईल, आणि मग तो कुठे जाईल, हा विचार मी करू शकत नाही. पण या सगळ्याहून मोठी भीती एकच आहे. हे पत्र जननीच्या पर्समध्ये राहील, निरोप आधी पोचेल, आणि दोन महिन्यांनी आईने पहिल्यांदा चूक कबूल केली म्हणून तू बस पकडून येशील. म्हणून जननीला सांगितलंय की आज संध्याकाळीच दे. पत्र मिळालं एवढं तिने विद्यालक्ष्मीअम्मांना कळवायचंय. ते कळल्याशिवाय निरोप जाणार नाही, असं मी त्रिपुरसुंदरींकडून वदवून घेतलंय. निरोप आला की उघड, खुणा निळ्या होऊ दे, उत्तर देऊ नकोस.

पुढेही मला पत्ता सांगू नकोस. सगळं निवळलं तरी नको. ज्या दिवशी तुला वाटेल की आईला एखादी गोष्ट सांगितली तर ती आईपाशीच राहते, त्या दिवशी सांग. तो दिवस कधी येईल ते तू ठरव. नाही आला तरी तुझा हक्क आहे. मी वाद घालणार नाही.

त्या निरोपाचा मसुदा त्रिपुरसुंदरींनी मला करायला सांगितला. म्हणाल्या, त्याला शंका येता कामा नये, तुम्ही मुलीला खरंच लिहाल तसं लिहा. मी लिहिलं: 'कीर्ती, मी चुकले. तू मला एकटीला सांगितलेलं मी जपलं नाही. मला उत्तर देऊ नकोस, रागाव, पण एकदा तुला डोळ्यांनी बघू दे. मी काही बोलणार नाही, नुसती बसेन.' त्यांना तमिळमध्ये सांगितलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "पोदुम, अम्मा. एवढं पुरे. यात खोटं काही वाटत नाही."

वाटणार कसं? जागा आणि वेळ त्याच्यासाठी आहे, बाकी सगळं तुझं आहे. दोन महिने ते माझ्या मनात होतं, माझ्या तोंडातून निघत नव्हतं, आणि शेवटी निघालं तेही एका परक्या माणसाने वाचावं म्हणून. म्हणून इथे पुन्हा लिहिते, या कागदावर, जो तुझ्याशिवाय कोणी वाचणार नाही.

मी चुकले, कीर्ती.

शनिवारी सकाळी मी तिथे बसलेली असेन, रस्त्याकडे तोंड करून, तुझी वाट बघत असल्यासारखी. तू येऊ नकोस.

तुझी,
आई